तोच बोका, तोच उंदीर. मग ‘टॉम अँड जेरी’ दरवेळी वेगळं का दिसतं?

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरत येतो. टॉम आणि जेरी रेल्वेच्या रुळांवर खांदे पाडून बसले आहेत, लांबून गाडीची शिट्टी ऐकू येते आणि चित्र संपतं. सोबतचा मजकूर साधारण असा असतो: ‘टॉम अँड जेरीचा शेवटचा भाग. दोघांनी जीव दिला, म्हणून तो टीव्हीवर कधी दाखवला नाही.’

व्हिडिओ खरा आहे, मजकूर चुकीचा. त्या कार्टूनचं नाव ‘ब्लू कॅट ब्लूज’ आणि ते १९५६ सालचं. प्रेमात पडलेला टॉम एका श्रीमंत बोक्यासमोर हरतो, कर्जबाजारी होतो आणि शेवटी रुळांवर येऊन बसतो. मग जेरीलाही कळतं की आपली मैत्रीण दुसऱ्याशी लग्न करून गेली, आणि तोही शेजारी येऊन बसतो. कार्टून उदास आहे खरं. पण त्यानंतर त्याच चमूने आणखी दहाहून अधिक टॉम अँड जेरी बनवले. त्यांचं शेवटचं कार्टून ‘टॉट वॉचर्स’ ऑगस्ट १९५८ मध्ये आलं. त्यात हे दोघं रांगत निघालेल्या एका बाळाचा जीव वाचवण्यासाठी बांधकामाच्या लोखंडी तुळयांवरून धावत असतात.

या व्हिडिओखाली लोक जे प्रश्न विचारतात ते मात्र महत्त्वाचे आहेत. हे आपल्या आठवणीतल्या टॉम अँड जेरीसारखं का दिसत नाही? मागची चित्रं इतकी सपाट का? काही भागांत टॉमच्या भुवया जाड आणि काळ्या का असतात? काही भागांत सगळे आवाज विहिरीतून आल्यासारखे का घुमतात? आणि एका मालिकेत तर दोघं चक्क मित्र होते, ते कसं?

या सगळ्यांचं उत्तर एकाच गोष्टीपाशी येतं. चित्रं काढायचे पैसे कोण देत होतं आणि किती देत होतं, हे दर काही वर्षांनी बदलत गेलं. टॉम अँड जेरीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी त्या पैशांचा इतिहास. तो समजला की एखादा भाग सुरू झाल्यावर दहा सेकंदांत तुम्ही सांगू शकाल की तो कधीचा आहे.

हे टीव्हीसाठी बनलंच नव्हतं

आपल्यापैकी बहुतेकांनी टॉम अँड जेरी टीव्हीवर पाहिलं. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये आलं तेव्हा केबल असलेल्या घरांत ते रोजचंच झालं. दोघं सहसा बोलतच नसल्यामुळे भाषेची अडचण नव्हती. आजी आणि नातू एकाच खुर्चीत बसून सारखेच हसायचे. त्यामुळे ‘टीव्हीवरचं लहान मुलांचं कार्टून’ अशी त्याची ओळख आपल्या मनात पक्की बसली.

पण हे बनलं ते सिनेमागृहासाठी, मोठ्या पडद्यावर दाखवायला. १९४० च्या दशकात अमेरिकेत सिनेमाचं तिकीट काढलं की नुसता सिनेमा मिळत नसे. आधी बातमीपट, मग एखादा छोटा विनोदी पट, सात-आठ मिनिटांचं एक कार्टून आणि मग मुख्य चित्रपट. आपल्याकडे मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचे बातमीपट दाखवले जात, ते ज्यांना आठवतात त्यांना ही रचना लगेच कळेल. या सात-आठ मिनिटांच्या कार्टूनला ‘शॉर्ट’ म्हणतात. टॉम अँड जेरीचा मूळचा प्रत्येक भाग हा असा स्वतंत्र शॉर्ट आहे, मालिकेचा एपिसोड नाही.

प्रेक्षकांत कोण असायचं? कामावरून आलेली माणसं, जोडपी, युद्धाच्या काळात सुट्टीवर आलेले सैनिक, आणि अर्थात मुलंही. विनोद या सगळ्यांसाठी लिहिलेला असे. टॉम सिगारेट ओढतो, मैत्रिणीसमोर भाव खातो, गिटार वाजवून गाणं म्हणतो, प्रेमभंग झाल्यावर दुधाच्या प्याल्यात दुःख बुडवतो. हे मोठ्यांचंच जग आहे.

सुरुवात एका नकोशा कार्टूनने

मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम, हा त्या काळचा हॉलिवूडमधला सर्वांत दिमाखदार स्टुडिओ. १९३७ मध्ये त्यांनी स्वतःचा कार्टून विभाग सुरू केला. तिथे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा एकत्र आले. बार्बेरा न्यूयॉर्कचे, आधी बँकेत कारकून, मग मासिकांत व्यंगचित्रं विकणारे. चित्र काढण्याचा त्यांचा वेग आणि विनोदाची जाण दोन्ही जबरदस्त. हॅना चित्रकार म्हणून बेताचे, पण कुठली हालचाल नेमकी किती क्षण टिकली की हसू येईल हे त्यांना अचूक कळायचं. बार्बेरा गोष्ट आणि गंमत रेखाटत, हॅना तिची वेळ बांधत. ही वाटणी पुढे अनेक दशकं तशीच राहिली.

त्यांचं पहिलं बोका-उंदराचं कार्टून ‘पस गेट्स द बूट’ १० फेब्रुवारी १९४० ला प्रदर्शित झालं. त्यात बोक्याचं नाव जॅस्पर होतं. पडद्यावर श्रेय रुडॉल्फ आयझिंग या निर्मात्याचं. हॅना आणि बार्बेरा यांची नावंही नव्हती. विभागाचे प्रमुख फ्रेड क्विम्बी यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मांजर-उंदीर हा विषय तेव्हाही घासून गुळगुळीत झालेला होता. त्यांनी दोघांना दुसऱ्या कामाला लावलं.

मग दोन गोष्टी घडल्या. कार्टूनला ऑस्करचं नामांकन मिळालं. आणि टेक्सासच्या थिएटर-व्यवसायातल्या बेसा शॉर्ट यांचं पत्र आलं: त्या मांजर-उंदराची आणखी कार्टून्स येणार आहेत का? पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं म्हटल्यावर निर्णय बदलला. नव्या नावांसाठी स्टुडिओत स्पर्धा झाली. जॉन कार या अ‍ॅनिमेटरने सुचवलेली ‘टॉम’ आणि ‘जेरी’ ही नावं निवडली गेली आणि त्याला ५० डॉलर मिळाले. १९४१ च्या ‘द मिडनाइट स्नॅक’पासून ही जोडी या नावांनी ओळखली जाऊ लागली.

एका सेकंदात २४ चित्रं

शाळेत वहीच्या कोपऱ्यात माणूस काढून पानं भर्रकन उलटली की तो पळताना दिसतो, हे आपण सगळ्यांनी केलेलं असतं. अ‍ॅनिमेशन तेच आहे. फिल्म एका सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने धावते. फ्रेम म्हणजे फिल्मवरचं एक स्थिर चित्र. सात मिनिटांच्या कार्टूनमध्ये १०,०८० फ्रेम येतात. नेहमीच्या हालचालीत एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी चालतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. पण टॉम जिवाच्या आकांताने पळत असेल तर प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र लागतं. आणि पडद्यावर टॉमसोबत जेरी आहे, कुत्रा आहे, फुटणाऱ्या बशा आहेत. प्रत्येकाची चित्रं वेगळी.

मुख्य अ‍ॅनिमेटर महत्त्वाच्या स्थिती पेन्सिलने काढत. त्यांच्या मधली चित्रं सहायक भरत. मग ती रेखाटनं पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर शाईने उतरवली जात आणि मागच्या बाजूने रंगवली जात. या पत्र्याला सेल म्हणतात. रंगवलेल्या पार्श्वभूमीवर सेल ठेवायचा, वरून कॅमेऱ्याने एक फ्रेम टिपायची, सेल बदलायचा, पुन्हा एक फ्रेम. असं हजारो वेळा. सगळी हालचाल अशी मनापासून, भरपूर चित्रं काढून केली की तिला ‘फुल अ‍ॅनिमेशन’ म्हणतात.

या पद्धतीने हॅना-बार्बेरा यांच्या चमूने १९४० ते १९५८ या काळात ११४ कार्टून्स केली. वर्षाला साधारण सहा. म्हणजे एकेका सात मिनिटांच्या गोष्टीला चित्रकार, शाईकाम करणारे, रंगकाम करणारे, कॅमेरामन आणि पूर्ण वाद्यवृंद यांचं दीर्घ काम मिळत होतं. टॉमच्या शेपटीवर इस्त्री पडते तेव्हा वेदना शेपटीकडून चेहऱ्याकडे सरकताना दिसते, डोळे आधी बारीक होतात, मग विस्फारतात, मग तोंड उघडतं. आपण हसतो ते या मधल्या चित्रांना. ती गाळली की नुसतं ‘इस्त्री पडली, बोका ओरडला’ एवढंच उरतं.

आणि ते ओरडणं खुद्द हॅना यांचं. ते माइकसमोर किंचाळत, मग त्या ध्वनिफितीचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग कापून फक्त मधला, सर्वांत जोरदार तुकडा ठेवला जाई. म्हणून टॉमची किंकाळी इतकी अचानक सुरू होते आणि तितकीच अचानक तुटते.

शब्दांची जागा संगीताने घेतली

माझ्या मते या कार्टून्सचा सर्वांत कमी कौतुक झालेला माणूस म्हणजे संगीतकार स्कॉट ब्रॅडली. पात्रं बोलत नाहीत, मग चोरपावलं, संशय, लाडीगोडी, बढाई हे सगळं सांगणार कोण? ब्रॅडली यांचा वाद्यवृंद. जेरी पायऱ्या उतरतो तेव्हा सूरही पायरी-पायरीने उतरतात. ते जॅझ वापरत, लोकगीतांचे तुकडे वापरत आणि त्या काळी मैफलीतल्या श्रोत्यांनाही जड जाणारं आधुनिक संगीतही वापरत. १९४४ च्या ‘पटिन ऑन द डॉग’मध्ये त्यांनी बारा-स्वरी पद्धत वापरली, म्हणजे सप्तकातल्या बाराही स्वरांना समान मान देणारी आणि षड्जासारखा कुठलाच स्वर आधाराला न ठेवणारी रचना. ऐकणाऱ्याला अस्वस्थ करणारं हे संगीत कुत्र्यांच्या कोंडवाड्यात शिरलेल्या बोक्याच्या धांदलीला चपखल बसलं, आणि प्रेक्षकांनी ते हसत हसत ऐकलं.

‘द कॅट कॉन्चर्टो’ हा या सगळ्याचा कळस. टॉम काळा कोट घालून पियानोवर फ्रान्झ लिस्टची दुसरी हंगेरियन रॅप्सडी वाजवतोय, जेरी पियानोच्या आत झोपलेला. टॉमची बोटं पट्ट्यांवर पडताना नीट पाहा. ती संगीताशी इतकी जुळतात की वादन जाणणारी माणसंही थक्क होतात. त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सने बग्ज बनीला घेऊन याच रचनेवर जवळपास तसंच कार्टून काढलं. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला. ऑस्कर मात्र टॉम अँड जेरीला मिळालं.

एकूण ७ ऑस्कर आणि १३ नामांकनं. डिस्नेच्या ‘सिली सिम्फनीज’ सोडल्या तर एवढी ऑस्कर कुठल्याच कार्टून मालिकेने मिळवलेली नाहीत. पण त्या काळी हा पुरस्कार निर्मात्याच्या हाती दिला जाई. सातही वेळा ऑस्करची ती बाहुली क्विम्बी यांनी घेतली, हॅना आणि बार्बेरा यांनी नाही. ज्या माणसाला ही जोडी पुढे न्यायचीच नव्हती, त्याच्याच कपाटात ती सगळी जाऊन बसली. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

इतकं छान चाललं होतं, मग बंद का पडलं?

थाळीचं उदाहरण घ्या. खानावळीत पूर्ण थाळी घेतली की कोशिंबीर त्यात येतेच; तिचे वेगळे पैसे आपण मोजत नाही. खानावळीचा मालक त्या भरवशावर कोशिंबीर मन लावून करू शकतो. आता कुणी नियम केला की प्रत्येक पदार्थ वेगळा विकायचा. भाजी-पोळीला गिऱ्हाईक मिळेल. कोशिंबिरीसाठी वेगळे पैसे काढून ठेवणारे किती?

हॉलिवूडमध्ये हेच झालं. मोठे स्टुडिओ थिएटर्सचे मालकही होते, आणि इतर थिएटर्सना ते सिनेमांचे गठ्ठे एकत्र विकत. चांगला सिनेमा हवा तर सोबतचं सगळं घ्या. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मोडून काढलं. एकाधिकार तोडणारा म्हणून तो निकाल योग्यच होता. पण त्याने शॉर्ट्सचा आधार गेला. त्यातच घराघरांत टीव्ही आला आणि थिएटरचा प्रेक्षक आटू लागला.

परिणाम पडद्यावर दिसतो. १९५० च्या दशकातली कार्टून्स क्रमाने पाहिली तर पार्श्वभूमीतले तपशील कमी होत जातात, भिंती सपाट रंगाच्या होतात, पात्रांच्या रेषा जाड आणि सोप्या होतात. याला थोडी त्या काळची कलेतली फॅशनही कारण होती. साधे आकार आधुनिक मानले जात. १९५४ पासून रुंद पडद्याची सिनेमास्कोप कार्टून्सही आली. पण खर्चाची कात्री मुख्य. ‘ब्लू कॅट ब्लूज’ सपाट का दिसतं, याचं उत्तर इथे आहे.

१९५७ मध्ये एमजीएमच्या हिशेबनीसांना एक गोष्ट लक्षात आली. जुनी कार्टून्स पुन्हा प्रदर्शित केली तरी जवळपास नव्यांइतकेच पैसे येतात. मग नवी काढायची कशाला? विभाग बंद झाला. तयार झालेली कार्टून्स पुढच्या वर्षीपर्यंत येत राहिली, इतकंच.

प्रागमधली घुमणारी तेरा

तीन वर्षांनी एमजीएमला पुन्हा नवी कार्टून्स हवी झाली, पण स्वस्तात. काम गेलं अमेरिकन दिग्दर्शक जीन डाइच यांच्याकडे. ते तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये राहत होते. त्यांच्या ‘मन्रो’ या कार्टूनला नुकतंच ऑस्कर मिळालं होतं. १९६१-६२ मध्ये त्यांनी १३ टॉम अँड जेरी केले, प्रत्येकी सुमारे १० हजार डॉलरमध्ये.

चाहते या तेरांना फार बोल लावतात. मला ते अन्यायाचं वाटतं. प्रागच्या कलावंतांकडे अ‍ॅनिमेशनची उत्तम परंपरा होती. पण लोखंडी पडद्याआड, म्हणजे पाश्चिमात्य जगापासून तोडलेल्या कम्युनिस्ट देशात बसलेल्या त्या चमूने मूळ टॉम अँड जेरी जेमतेम मूठभर पाहिली होती, आणि हातात पैसा नव्हता. ज्या हालचालीला वीस चित्रं हवीत तिथे सात-आठांत भागवायचं म्हटल्यावर पात्रं झटके देत हलणारच. आवाजाचं काम टॉड डॉकस्टेडर या इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या प्रयोगशील कलाकाराकडे होतं. ते घुमणारे, धातूवर आपटल्यासारखे आवाज त्यांचे. टॉमच्या जाड्या, संतापी मालकाची मारहाण मात्र मलाही बघवत नाही. तिथे विनोद हरवतो.

शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिकन प्रेक्षकांना कम्युनिस्ट देशाचा वास येऊ नये म्हणून श्रेयनामावलीत चेक नावं बदलली गेली. संगीतकार वाक्लाव लीडल पडद्यावर ‘व्हिक्टर लिटल’ झाले.

जाड भुवयांचा टॉम

१९६३ ते १९६७ मध्ये चक जोन्स यांनी ३४ कार्टून्स केली. हे वॉर्नर ब्रदर्समधून आलेले, बग्ज बनी आणि रोड रनरला घडवणारे दिग्दर्शक. सुरुवातीला सिंह गुरगुरतो आणि त्याच्या जागी टॉम येऊन ‘म्याव’ करतो, ती हीच. टॉमच्या भुवया जाड झाल्या, जेरीचे डोळे मोठे आणि कान लांब झाले. चित्रं देखणी आहेत, पार्श्वभूमी सुरेख आहे. पण जोन्स यांचा विनोद चेहऱ्यावरच्या एका सूक्ष्म कटाक्षाचा. हॅना-बार्बेरांचा विनोद पाठलागाचा. ही पात्रं आपली नव्हती, असं जोन्स यांनीही नंतर सांगितलं.

११४, १३ आणि ३४ मिळून १६१. सिनेमागृहांसाठी बनलेलं जुनं टॉम अँड जेरी एवढंच.

ज्यांनी चित्रं वाढवली, त्यांनीच ती कमी केली

नोकरी गेलेल्या हॅना आणि बार्बेरा यांनी १९५७ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीकडे वळले. तिथे पाच मिनिटांच्या कार्टूनला सुमारे तीन हजार डॉलर मिळत. सिनेमागृहातल्या कार्टूनच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. फुल अ‍ॅनिमेशन अशक्य होतं. म्हणून त्यांनी ‘लिमिटेड अ‍ॅनिमेशन’ पक्कं केलं: शरीर स्थिर ठेवायचं आणि फक्त तोंड, डोळे किंवा हात हलवायचे, तीच पळण्याची चित्रं पुन्हा पुन्हा वापरायची, आणि हालचालीऐवजी संवादांवर गोष्ट पुढे न्यायची.

याच कंपनीच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो, याचं कारणही हेच. कॉलरमुळे मान आणि धड यांच्यातली सांध्याची रेषा झाकली जाते. मग धड तसंच ठेवून फक्त डोकं वेगळ्या सेलवर हलवता येतं. फ्रेड फ्लिन्टस्टोनचा टायसुद्धा त्याच कामाचा.

या पद्धतीची थट्टा करणं सोपं आहे. पण तिने बंद पडलेल्या धंद्यातल्या शेकडो कलावंतांना काम दिलं आणि बोलक्या, विनोदी मालिकांची नवी परंपरा उभी केली. ती पद्धत टॉम अँड जेरीला मात्र मानवली नाही, कारण ते बोलतच नाहीत. हालचाल हीच त्यांची भाषा. १९७५ मध्ये हॅना-बार्बेरा कंपनीनेच टीव्हीसाठी नवी टॉम अँड जेरी मालिका केली तेव्हा हे स्पष्ट दिसलं. एका हंगामात ४८ गोष्टी! पूर्वी तेवढ्यांना आठ वर्षं लागली असती. जेरीच्या गळ्यात लाल बो आला आणि दोघं मित्र बनून जगभर फिरू लागले. मारामारी काढण्यामागे मुलांच्या टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध अमेरिकेत उठलेला पालकांचा आवाज होता. पण पाठलाग काढला आणि चित्रंही कमी केली, तर उरतं काय?

हिंसेचं काय?

ही पालकांची नेहमीची शंका, आणि ती रास्त आहे. हातोडे, सुरुंग, कुऱ्हाडी सगळं यात आहे. १९५२ च्या ‘द टू माउसकटिअर्स’च्या शेवटी तर टॉमचा शिरच्छेद होतो, अर्थात पडद्याआड, आणि त्यालाही ऑस्कर मिळालं.

माझं म्हणणं असं की ही कार्टून्स कुणासाठी बनली होती हे लक्षात ठेवलं तर निर्णय सोपा होतो. ती अगदी लहान मुलांना एकटं सोडून दाखवायला बनलेलीच नव्हती. इथे मार बसलेला टॉम पुढच्या क्षणी धडधाकट असतो, हे चार-पाच वर्षांच्या मुलाला कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. जरा मोठी मुलं तो खेळ आपणहून ओळखतात. सिगारेटचा प्रश्नही असाच. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकाच्या तक्रारीनंतर दोन कार्टून्समधली धूम्रपानाची दृश्यं कापायचं वाहिनीने मान्य केलं.

आणि वंशभेदाचं?

हा भाग जास्त गंभीर आहे, आणि तो टाळून या कार्टून्सचं कौतुक करणं मला पटत नाही. घरात काम करणारी, सपाता घातलेली कृष्णवर्णीय बाई आठवते? चेहरा जवळपास कधीच न दिसणारी. ती ‘मॅमी टू शूज’. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांची जी ठरावीक चेष्टेची प्रतिमा रंगवली जाई, तिचंच हे रूप. आवाज होता लिलियन रँडॉल्फ या गुणी अभिनेत्रीचा. शिवाय स्फोट झाला की पात्राचा चेहरा काळा होतो, ओठ जाड होतात, ही गंमत अनेक कार्टून्समध्ये आहे. भारतीय प्रेक्षकाला ती नुसती काजळी वाटते. अमेरिकेत तो गोऱ्या नटांनी तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची थट्टा करण्याच्या जुन्या प्रथेचा थेट संदर्भ आहे.

१९६५ मध्ये ही कार्टून्स अमेरिकेत टीव्हीवर आली तेव्हा काही भागांत मॅमीच्या जागी एक सडपातळ गोरी बाई काढून, नव्या आवाजात बसवली गेली. म्हणजे एकाच कार्टूनच्या दोन आवृत्त्या फिरू लागल्या. ‘माउस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ ही दोन कार्टून्स एका संग्रहातून वगळली गेली, तेव्हा संग्राहकांनी विरोध केला. मला पूर्वसूचना देऊन मूळ रूपात दाखवण्याचा मार्ग योग्य वाटतो. कापून टाकलं की ती चूक झालीच नव्हती असं वाटू लागतं.

काही जुनी कार्टून्स धूसर का दिसतात?

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या जॉर्ज ईस्टमन हाउस या चित्रपट-संग्रहालयात आग लागली. जुनी फिल्म नायट्रेटची असे आणि ती झपाट्याने पेट घेते. त्यात १९५० च्या आसपासपर्यंतच्या बहुतेक टॉम अँड जेरीच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. आज आपण पाहतो त्या नंतर काढलेल्या प्रतींवरून तयार केलेल्या आवृत्त्या. शिवाय पुनर्प्रदर्शनाच्या वेळी सुरुवातीच्या पाट्या बदलल्यामुळे अनेक कार्टून्सची मूळ शीर्षकं हरवली. एवढ्या कष्टाने काढलेल्या चित्रांची मूळ नोंदच राहिली नाही, हे नुकसान भरून येणारं नाही.

आता तर कॉम्प्युटर आहेत, मग जुन्यासारखं का जमत नाही?

कॉम्प्युटरने शाई आणि रंग स्वस्त केले. सेल घासूनपुसून रंगवण्याचं काम गेलं. पण टॉमने दार उघडण्याआधी किती वेळ थांबायचं, घाबरताना आधी कान हलायचे की डोळे, हे ठरवणारा माणूस आणि त्याला मिळणारा वेळ स्वस्त झालेला नाही. २००५ च्या ‘द कराटे गार्ड’मध्ये नव्वदी पार केलेल्या बार्बेरांनी पुन्हा एकदा थिएटरसाठी शॉर्ट केला. हॅना २००१ मध्येच गेले होते; बार्बेरा डिसेंबर २००६ मध्ये गेले. त्यानंतरच्या काही टीव्ही मालिकांत जुना वेग पकडायचा प्रामाणिक प्रयत्न दिसतो. पण ‘वर्षाला सहा’ ही चैन आज कुठलीही वाहिनी देत नाही.

मग पाहायचं कुठून?

आधी पाटी वाचा. हॅना आणि बार्बेरा यांची नावं आणि निर्माता फ्रेड क्विम्बी असेल तर ते १९५५ पर्यंतचं, भरल्या हातांनी केलेलं काम. क्विम्बी निवृत्त झाल्यावरच्या पाट्यांवर निर्माते म्हणूनही हॅना-बार्बेराच दिसतात. तिथून चित्र आणखी सपाट आणि रुंद होत जातं. घुमणारे आवाज म्हणजे डाइच, जाड भुवया म्हणजे जोन्स, लाल बो म्हणजे १९७५.

मुलांसोबत पाहायची असतील तर मी ‘द कॅट कॉन्चर्टो’ आणि ‘जोहान माउस’ने सुरुवात करेन. दोन्ही पियानोवरची, दोन्हींना ऑस्कर, आणि दुसऱ्यात व्हिएन्नाच्या वॉल्ट्झवर नाचणारा उंदीर आहे. मग १९४३ चं ‘द यांकी डूडल माउस’, युद्धाच्या धामधुमीतलं, ज्याने त्यांना पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. तळघरात अंड्यांचे बॉम्ब आणि चीज-किसणीची जीपगाडी आहे. एकदा नेहमीसारखं पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त हालचाल पाहा. तिसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून फक्त ब्रॅडलींचं संगीत ऐका. टॉम कुठल्या क्षणी पायऱ्यांवरून घसरला हे न पाहताही कळतं.